तीन आठवड्यांचं पिल्लू पडवीत आलंय: दूध हा तिसरा प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्यांनी जेटीजवळून कुत्रीचं एक पिल्लू उचलून आणलं. डोळे उघडलेत, पुढचे दात हिरडीतून नुकते डोकावतायत, चालताना मागचे पाय लटपटतात. विसर्जन झालं, पोरं परत गेली आणि पिल्लू तुमच्या गळ्यात पडलं. तुम्ही गाईचं दूध निम्मं पाणी घालून देताय, त्याला पातळ शी होतेय आणि रात्रभर ते केकाटतंय. वर शेजारी सांगतायत की आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू पुढे चावरं निघतं.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ते तीन आठवड्यांच्या आसपासचं असावं. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान त्यानंतर थोड्याच दिवसांत, आणि दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात. म्हणजे पहिला, सगळ्यात धोक्याचा आठवडा त्याने आईजवळ काढलाय. बहुतेक चीकही पोटात गेला असेल. चिकातून मिळणारी रोगाशी लढायची ताकद जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच आतड्यातून रक्तात शिरते, त्यानंतर कितीही चीक पाजला तरी ती तशी मिळत नाही. तेवढं तरी याच्या पदरात पडलंय असं धरून चालू.

आता काहीही विकत आणायच्या आधी एक काम करा. पुन्हा जेटीवर जा आणि आई शोधा. जेटीवरची कुत्री होड्या लागायच्या वेळी मासळीची घाण खायला जाते, ती दोन-तीन तास पिल्लांकडे फिरकत नाही. तेवढ्यात कुणाला वाटतं की पिल्लं पोरकी आहेत. मी पाहिलेली बरीचशी ‘अनाथ’ पिल्लं अशीच उचललेली असतात. जाळ्यांचे ढीग, उलट्या ठेवलेल्या होड्यांची पोकळी, बर्फाच्या कारखान्यामागचा आडोसा, अशा जागा बघा आणि लांब थांबा. आचळं भरलेली कुत्री दिसली आणि बाकीची पिल्लं तिथेच असली, तर हे पिल्लू त्यांच्यात ठेवून बाजूला व्हा. माणसाचा हात लागला की कुत्री पिल्लाला घेत नाही, हे खरं नाही. चार-पाच दिवस मध्ये गेले असले तरी बहुतेक कुत्र्या घेतात. ती अंगावर येत असेल तर पुढे जाऊ नका, पिल्लू थोडं अलीकडे ठेवा, ती येऊन नेते. आणि नंतर रोज एक वेळ त्या आईलाच भात-मासे किंवा अंडी घाला. आईला पोसणं हे पिल्लाला बाटलीने पाजण्यापेक्षा कितीतरी सोपं आणि स्वस्त आहे. आठ आठवडे झाले की हवं तर तेच पिल्लू घरी आणा.

आई सापडली नाही, किंवा गाडीखाली गेल्याचं कळलं, तर पुढचं वाचा.

पहिला प्रश्न उबेचा

कोकणात थंडी कुठे असते, असं सगळेच म्हणतात. पण पावसाळ्यातल्या रात्री बाहेर चोवीस-पंचवीस अंश असतात, फरशी घाम सुटल्यासारखी ओली, गोणपाट दमट, आणि पिल्लू दुधा-मुताने भिजलेलं. आपल्याला पंखा लागतो तेव्हा ते गारठत असतं. या वयाच्या पिल्लाला झोपायच्या जागी सत्तावीस-अठ्ठावीस अंश तरी लागतात. आईजवळ ती ऊब आईच्या पोटाची आणि भावंडांच्या ढिगाची असते. एकट्याला ती कुणीतरी द्यायला हवी.

डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात अर्धा इंच घाला. तीन आठवड्यांच्या पिल्लाचं तापमान साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साडेनव्याण्णव ते एकशे एक, असायला हवं. ते ३५ अंशांच्या, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या, खाली गेलं की आतड्यांची हालचाल जवळजवळ थांबते. अशा पिल्लाला दूध पाजलं तर ते पोटात तसंच पडून राहतं, आंबतं, नाहीतर उलटून श्वासनळीत जातं. गार पडलेल्या पिल्लाला लोक कळवळून आधी दूध पाजतात आणि पिल्लू जातं. आधी गरम करा, मग पाजा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कुणीतरी त्याला सदऱ्याच्या आत पोटाशी धरून तास-दीड तास बसायचं. चुलीपुढे किंवा हेअर ड्रायरखाली झपाट्याने तापवू नका. अगदीच मलूल असेल तर बोटावर थोडं ग्लुकोज घेऊन हिरड्यांना चोळा, तेवढं चालतं.

रात्रीसाठी खोल टोपली किंवा खोका घ्या. खाली कोरडी गोधडी, आणि अर्ध्याच भागात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. अर्ध्याच भागात अशासाठी की उकडलं तर त्याला बाजूला सरकता आलं पाहिजे. बल्ब टांगायचा सल्ला मी देत नाही. आपल्याकडे वारा सुटला की वीज जाते, आणि ती नेमकी रात्री दोनला जाते. पिशवी चार तासांनी बदलावी लागेल, तसंही दुधासाठी उठायचंच आहे. टोपली जमिनीवर न ठेवता बाकड्यावर किंवा पाटावर ठेवा आणि पडवीतून माजघरात घ्या. रात्रीचं केकाटणं यातच निम्मं थांबेल. उरलेलं निम्मं एकटेपणाचं, त्याकडे नंतर येतो.

दुसरा प्रश्न पाजायच्या पद्धतीचा

पिल्लाला कधीही माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजू नका. मांडीवर टॉवेल पसरा, पिल्लू पोटावर, चारी पाय खाली, मान किंचित वर, जसं आईच्या अंगाखाली ते असतं तसं. पुढचे पंजे त्याला टॉवेलात रुतवू द्या, दूध पिताना ते आपोआप तुडवायला लागतं. बाटली उलटी केल्यावर बुचातून थेंब आपोआप लोंबला पाहिजे, धार लागता कामा नये. दूध मनगटावर कोमट लागेल इतपत. सिरिंजचा दांडा दाबून तोंडात सोडणं सगळ्यात वाईट. गिळायची गती त्याची असू द्या, आपली नको. नाकातून दूध आलं तर लगेच थांबून मान खाली करा, नाक पुसा. त्यानंतर एक-दोन दिवसांत श्वास घुरघुरायला लागला किंवा पिणं बंद झालं तर छातीत दूध गेलंय, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि आता दूध

पाणी घालणं आजच बंद करा. गाईचं दूध ‘जड’ म्हणून पाणी घालतात, पण कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा दुपटीने दाट असतं. त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं दोन्ही जास्त, दुग्धशर्करा मात्र कमी. पाणी घातल्याने उपाशीपणा वाढतो, भुकेपोटी पिल्लू जास्त पितं, आणि जास्तीची साखर आतड्यात आंबून जुलाब होतात. शेळीचं दूध उत्तम असंही सांगतात. ते गाईच्या दुधाच्याच जवळचं आहे, वाईट नाही, पण तेही पातळच.

मेडिकलमध्ये पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. तालुक्याच्या गावी नसेल तर रत्नागिरी, कुडाळ, चिपळूणकडून कुणाकरवी मागवा. ती येईपर्यंत दोन-चार दिवस असं चालवा: एक कप न पातळ केलेलं गाईचं दूध, दोन अंड्यांचा पिवळा बलक, एक चमचा खायचं तेल. घुसळून गाळून घ्या. पांढरा बलक कच्चा नको, त्याने बायोटिन हे जीवनसत्त्व अडून राहतं. साखर, गूळ, मध काही घालू नका. मिश्रण फ्रिजमध्ये ठेवा आणि दिवसाचं दिवसाला संपवा.

किती द्यायचं, ते वजनावर ठरतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडग्यात बसवून रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. दिवसाला दर शंभर ग्रॅमला वीस मिली धरा, पण एका वेळी शंभर ग्रॅमला चार-पाच मिलीपेक्षा जास्त नाही, कारण पोटच तेवढं असतं. पिल्लू आठशे ग्रॅमचं असेल तर दिवसाला एकशे साठ मिली, म्हणजे पाच वेळा बत्तीस-बत्तीस. पोट गोल झालं पाहिजे, ढोलासारखं ताणलेलं नको. पिल्लू अजून मागतंय म्हणून वाढवत गेलात तर जुलाब परत येतील. रोज वजन थोडं तरी वाढायला हवं. एक दिवस अडलं तर लक्ष ठेवा, दोन दिवस अडलं किंवा घटलं तर दाखवायला न्या.

या वयात ते स्वतःहून शू-शी करायला लागतं, पण काही पिल्लांना अजून आठवडाभर मदत लागते. आई चाटून करवते, तुम्ही कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पोटाखाली आणि शेपटीखाली हलकेच फिरवा, पाजण्याआधी आणि नंतर. शूचा रंग बघत जा. ती जवळजवळ पाण्यासारखी असावी. गडद पिवळी दिसली तर अंगातलं पाणी कमी पडलंय. चामडी ओढून बघायची पद्धत मोठ्या कुत्र्यात बरी, इतक्या लहानात ती फसवते.

सध्याच्या जुलाबांसाठी एक वेळचं दूध वगळून त्याऐवजी तेवढंच ओआरएसचं पाणी द्या, मग नवीन मिश्रण निम्म्या प्रमाणात सुरू करून दोन दिवसांत पूर्ण करा. घरातल्या माणसांची जुलाबाची गोळी कुटून देऊ नका, चुकूनही नाही. शीत रक्त, डांबरासारखा काळा रंग, उलट्या, किंवा पिल्लू हाताला लुळं लागणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय संपले.

काळी शी आणि पांढरट हिरड्या दिसल्या तर माझ्या डोक्यात आपल्याकडे पहिलं नाव येतं ते आकडी जंताचं. ओल्या, वाळूमिश्रित जमिनीत याच्या अळ्या मजेत राहतात, आणि आईच्या दुधातून त्या पिल्लात येतात. गोल जंत तर गर्भातच येतात. म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, आठ आठवड्यांपर्यंत द्यायचं असतं. तुमच्या पिल्लाला एक मात्रा आत्ताच देय आहे. तुमच्या खळ्यात मुलं अनवाणी फिरत असतील तर पिल्लाची शी लगेच उचलून पुरा. या अळ्या माणसाच्या पायाच्या कातडीतही शिरतात आणि नागमोडी खाजरी रेघ उठते, ती अनेकांनी पाहिली असेल.

पिसवा आणि गोचिड्या बारीक दातांच्या फणीने काढा. गोठ्यातली पावडर, रॉकेल, फिनेलचं पाणी यातलं काहीही अंगाला लावायचं नाही. इतक्या लहान पिल्लाची कातडी ते शोषते आणि ते चाटतंही.

साडेतीन-चार आठवड्यांवर ताटलीत पातळ खाणं सुरू करा. कोकणातल्या घरात दूध-भात हेच पिल्लाचं अन्न समजलं जातं. माझ्याकडे फुगलेलं पोट, वाकडे पुढचे पाय आणि राठ केस घेऊन येणारी पिल्लं बहुतेक दूध-भातावरची असतात. भाताची मऊ पेज आधाराला असू दे, पण त्यात उकडलेलं अंडं, कुस्करलेली कोंबडी, काटे काढून उकडलेला मासा हवा, किंवा सरळ पिल्लांचं तयार खाद्य भिजवून द्या. सुकट-जवळा खारट असतो, तो नको. कांदा-लसणाची फोडणी दिलेली आमटीही नको. आणि पुढे किनाऱ्यावर फिरायला न्याल तेव्हा जाळ्यातून फेकलेला केंड (फुग्यासारखा फुगणारा मासा) त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. तो विषारी आहे आणि त्यावर उतारा नाही.

शेजाऱ्यांचं म्हणणं

निम्मं खरं आहे, आणि इथेच जास्त काळजी घ्यायची आहे. दुधाची पावडर विकत मिळते, भावंडं मिळत नाहीत. तीन ते सुमारे बारा-चौदा आठवडे हा काळ कुत्र्याच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे मागच्या शतकाच्या मध्यावर वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून दाखवलं. २०११ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी एकशे चाळीस पाळीव कुत्र्यांच्या मालकांना विचारलं. तीस ते चाळीस दिवसांत आईपासून काढलेल्या कुत्र्यांत भित्रेपणा, अति भुंकणं, नासधूस, खाण्यावर आणि खेळण्यावर गुरगुरणं हे दोन महिन्यांनी काढलेल्यांपेक्षा जास्त आढळलं. (आपल्या देशातही २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. तरी महिन्याचं लॅब्रेडॉर ‘लवकर नेलं की माणसाळतं’ असं सांगून विकलं जातंच, आणि घेणारे घेतात.)

पण ही शक्यता वाढते एवढंच. ते विधिलिखित नाही.

भावंडं नेमकं काय शिकवतात? दोन पिल्लं झोंबत असतात. एकाने दुसऱ्याचा कान जरा जोरात धरला की दुसरं कळवळतं आणि खेळ सोडून जातं. चावणाऱ्याची मजा तिथेच संपते. दिवसातून असं कितीतरी वेळा झालं की जबडा किती दाबायचा हे त्याला कळतं. एकट्या पिल्लाला हे शिकवणारं कुणी नसतं, उलट घरातली माणसं ‘किती गोड चावतं’ म्हणून बोट पुढे करतात.

तुम्ही असं करा. दात हाताला लागले, दुखतील इतके लागले, की हात झटकू नका. झटकला की तो खेळ वाटतो. हात सैल सोडा, आवाज बंद, उठा आणि दाराआड जा. अर्धा मिनिट. मग परत येऊन शांतपणे खेळ सुरू करा. नाकावर टिचकी, तोंड दाबून धरणं, वर्तमानपत्राची गुंडाळी यातलं काही नको. त्याने पिल्लू चावायचं थांबत नाही, हाताला घाबरायला शिकतं, आणि घाबरलेलं कुत्रं मोठेपणी जास्त जोरात चावतं. घरातल्या प्रत्येकाने हेच करायला हवं. एक काका लाडाने चावू देतात आणि बाकीचे ओरडतात, असं असेल तर ते शिकणार नाही. चघळायला गाठ मारलेलं ओलं फडकं द्या. नारळाचं सोडण देऊ नका, त्याचे केसर पोटात जाऊन अडकतात.

याहून चांगला शिक्षक म्हणजे दुसरा कुत्रा. शेजारी लस झालेली, पिल्लांना सांभाळून घेणारी वयस्क कुत्री असेल तर जंताचं औषध झाल्यावर रोज थोडा वेळ दोघांना तुमच्या नजरेखाली एकत्र सोडा. ती गुरगुरली, हलकेच दाबून धरलं, तर मध्ये पडू नका. तुम्ही महिनाभर सांगाल ते ती दोन दुपारींत सांगते. त्याच वयाचं आणखी एखादं पोरकं पिल्लू कुणाकडे असेल तर दोघांना आठ-नऊ आठवडे उलटेपर्यंत एकत्र वाढवणं याहून उत्तम काही नाही. काम दुप्पट होत नाही, उलट रात्रीचं रडणं थांबतं.

बाटलीच्या पिल्लांत मी आणखी एक गोष्ट बघतो. कुईं केलं की दूध, कुईं केलं की मांडी. मग सहा महिन्यांनी घराला कुलूप लावता येत नाही. आई तीन आठवड्यांनंतर मुद्दाम उभी राहून पाजते, मध्येच उठून जाते, पिल्लांना धडपडावं लागतं. २०१७ मध्ये अमेरिकेत अंधांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या पिल्लांचा अभ्यास झाला. ज्यांच्या आया अशा उभ्याने पाजायच्या, ती पिल्लं पुढे प्रशिक्षणात जास्त टिकली. म्हणून दूध वेळेवर द्या, रडण्यावर नको. चार आठवड्यांनंतर ताटली दोन पावलं लांब ठेवा, तिथवर चालत येऊ दे. दिवसा मुद्दाम पाच-दहा मिनिटं एकटं राहू दे. पण रात्री पहिले काही आठवडे टोपली तुमच्या अंथरुणाजवळच हवी. ‘रडून रडून शिकेल’ हे एवढ्या लहानाला लागू नाही.

आमच्या भागातल्या आजी मला हसतात. ‘आमचे कुत्रे काय बाटलीन दूध पिवान मोठे झाले?’ नाही झाले, कारण त्यांना आई होती, गोठा होता, आणि चार घरांची पिल्लं एका खळ्यात लोळत होती.

जग दाखवायचंही याच आठवड्यांत. मिक्सर, एसटीचा हॉर्न, मासे घेऊन येणारी मावशी, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, शेळी, मांजर. सगळं लांबून, थोडं थोडं, ते तुमच्या कडेवर असताना. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर किंवा पुळणीवर खाली सोडू नका. पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांचा) विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. त्यात लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या रोगाची) आहे ना हे विचारून घ्या. उंदीर आणि भाताच्या खाचरांतलं पाणी जिथे आहे तिथे ती हवीच.

रेबीजबद्दल

पिल्लू लहान म्हणून त्याला रेबीज नसतो, हे चूक. त्याची आई कोण, तिला कुणी चावलं होतं का, हे तुम्हाला माहीत नाही. दात किंवा नख लागून कुणाच्या कातडीवर ओरखडा उठला, रक्त आलं नसलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगा. लस तिथे मोफत मिळते आणि सगळे डोस पूर्ण करायचे असतात. मुंबईला गेलेल्या पुतण्यांनाही फोन करून विचारा की पिल्लू उचलताना कुणाला काही लागलं होतं का. मुलं ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत. पिल्लाला स्वतःला रेबीजची लस तीन महिन्यांवर, आणि त्यानंतर बूस्टर.

दवाखान्यात नेताना टोपलीत गरम पिशवी ठेवा, वजनाची वही घ्या आणि त्या सकाळची थोडी शी छोट्या डबीत घ्या. जंताच्या औषधाची मात्रा त्या वहीवरूनच ठरेल.